स्लाइड क्लीन होती

स्वतःच्या रक्ताची स्लाइड स्वतः बघायची नाही, असा आमच्या लॅबमध्ये कुठेही न लिहिलेला नियम आहे. मी तो मोडला. एकदा नाही, दोनदा.

श्रावणी सोमवार होता. सकाळपासून अंग मोडून येत होतं, ते उपवासामुळे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. साडेअकराच्या सुमारास सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या, मशीनपाशी उभी असताना दातावर दात आपटायला लागले. इतके, की शेजारच्या मुलीने विचारलं, "ताई, एसी कमी करू?" एसी सकाळपासून बंद होता. दोन लॅबकोट एकावर एक चढवले, तरी थंडी हाडांतून निघेना. अर्ध्या तासाने थर्मामीटर लावला तर १०३.६.

दादरच्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी १९ वर्षं टेक्निशियन आहे. जुलै ते ऑक्टोबर मलेरियाच्या स्लाइड बघून डोळे शिणतात. फॉर्मवर डॉक्टरांनी 'हुडहुडी भरून ताप' असं लिहिलेलं असतं, ते मी हजारदा वाचलंय. वाचून थंडी वाजत नाही, एवढंच.

त्या मुलीनेच रक्त काढलं. जांभळ्या टोपणाची ट्यूब, काचेवर एक जाड थेंब, एक पातळ पसरलेला. स्टेनही तिनेच केला, कारण माझ्या हातून निम्मा रंग सिंकमध्ये सांडला असता. पण बघायला मी बसले. तिने नको नको म्हटलं. तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स खाली घेतली.

पातळ स्मिअरवर फार शोधावं लागलं नाही. शेजारणींपेक्षा फुगलेली एक तांबडी पेशी, तिच्यात वेडावाकडा पसरलेला निळसर जीव, त्याचं लाल टिकलीएवढं केंद्रक, आणि पेशीभर बारीक गुलाबी ठिपके. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स, मलेरियाच्या परजीवीची एक जात. त्या ठिपक्यांना शुफनरचे ठिपके म्हणतात आणि आमच्या परीक्षेत ते हमखास विचारतात. थोडं पुढे सरकल्यावर एक पिकलेली पेशी सापडली: आत पंधरा-सोळा पिल्लं द्राक्षाच्या घडासारखी दाटलेली, मधोमध तपकिरी-काळी पूड. अजून फुटायची होती. हिच्या बहिणी तासाभरापूर्वी फुटल्या असणार, मी मशीनपाशी उभी असताना.

आणि मग ती दिसली. पांढरी पेशी, मोनोसाइट. मोठी, राखाडी-निळी, मूत्रपिंडाच्या आकाराचं केंद्रक. तिच्या पोटात तीच काळी पूड. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरलेला लोहाचा भाग त्यालाच विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला ठेवतो. पेशी फुटली की पिल्लांबरोबर हा कचरा रक्तात सांडतो आणि मोनोसाइट तो गिळतात. रुग्णांच्या स्लाइडवर अशा पेशी मी कितीतरी पाहिल्यात, 'पिगमेंट दिसतंय' असं लिहून पुढे गेलेय. ही माझी होती. माझ्या नकळत सकाळपासून कामाला लागलेली. मला उगाचच तिच्याविषयी माया वाटली. ताप होता, त्याचाही परिणाम असेल.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आल्या, मला स्टुलावरून उठवलं आणि स्लाइड स्वतः तपासली. "व्हायव्हॅक्सच आहे. फॅल्सिपेरम नाही, नशीब समज. घरी जा." फॅल्सिपेरम ही मलेरियाची जास्त जीवघेणी जात. मला टॅक्सीत बसवून दिलं. दादर ते लालबाग हे काय अंतर आहे! पण त्या दिवशी हिंदमाताला पाणी तुंबलेलं, आणि टॅक्सीत मला थंडीचा भर ओसरून घामाचा भर सुरू झाला. घरी पोचले तेव्हा साडी पिळून काढावी अशी होती, आणि डोकं मात्र अचानक स्वच्छ.

तो स्वच्छपणा मी विसरणार नाही. दोन तासांपूर्वी मरते की काय असं वाटत होतं, आता मऊ भात मागून खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, "आता उद्या काय नाय होवचा. परवा येतला." त्या सावंतवाडीकडच्या. लहानपणी त्यांच्या गावात दर पावसाळ्यात घरटी एक-दोन माणसं हिवतापाने आडवी असायची. कोयनेलच्या (क्विनीनच्या) गोळ्यांची कडू चव त्यांना अजून आठवते, आणि डीडीटी मारायला येणारी माणसं भिंतीवर तारीख लिहून जायची तेही. परवा येतला म्हणजे परवा येणार. माझा ताप काही इतका शिस्तीचा निघाला नाही, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा थोडा आला. सुरुवातीला परजीवींच्या तुकड्या मागेपुढे असतात, सगळ्या एका तालात यायला काही दिवस जातात. पण आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, गणित मुळात बरोबर आहे. व्हायव्हॅक्सला एका तांबड्या पेशीत शिरून, वाढून, ती फोडून बाहेर यायला ४८ तास लागतात. पेशी फुटायची वेळ आणि ताप चढायची वेळ एकच, हे इटलीच्या गॉल्जीने १८८०च्या दशकात ताडलं होतं. आमच्या आईंनी पडवीत बसून.

अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. स्लाइडवर मी जे मोजलं ते फार नव्हतं. व्हायव्हॅक्स कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, त्या शंभरात एखाद-दुसरी, म्हणून त्याची संख्या फारशी फुगत नाही. मग एवढ्याशा परजीवींनी मला असं लोळवलं कसं?

तर त्यांनी नव्हे. माझ्याच फौजेने. पेशी फुटली, कचरा सांडला, की भक्षक पेशी तो गिळतात आणि गिळता गिळता बोंब ठोकतात: टीएनएफ, इंटरल्यूकिन अशी नावं असलेली रसायनं रक्तात सोडतात. ती हाळी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचते आणि तो शरीराचं तापमान ठेवायचा काटा ९८ वरून १०४ वर सरकवतो. आता शरीर ९८ वर आहे आणि हुकूम १०४ चा आहे, म्हणून त्याला वाटतं आपण गारठलोय. स्नायू थरथरवून ऊब तयार करा, कातडीकडचं रक्त आत ओढा. ती हुडहुडी. बाहेर मुंबईचा ऑगस्ट, आत दोन गोधड्या, आणि माणूस खरोखर गारठलेला. मग हाळी थांबते, काटा खाली येतो, आणि शरीराला कळतं की आपण तापलोय. तो घाम. डोकेदुखी, मळमळ, अंगदुखी हे सगळं बहुतेक त्या हाळीचंच. आणि हे फुकट जात नाही. प्रयोगशाळेत ४० अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या १०४ ला, ठेवलेले मोठे परजीवी मरायला लागतात. पण दंगल आटोक्यात आणायला पोलीस यावेत आणि अश्रुधुराने आपल्याच चाळीची पोरं खोकत बसावीत, तसा हा प्रकार.

सीबीसीचा रिपोर्ट आला. प्लेटलेट ६८,०००. मलेरियात हे नेहमीचं, औषध लागू पडलं की आठवडाभरात आपोआप चढतात, हे मी रोज काउंटरवर लोकांना सांगते. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्याच. हिरवा, कडू, तोंडात धरवत नाही. मी दोन घोट घेतले, कारण त्या समोर उभ्या होत्या. चौथ्या दिवशी प्लेटलेट वाढल्या तेव्हा त्याचं श्रेय कुणाला गेलं हे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईंनी माझ्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. मी कळवळले. "पानथरी वाढली हा गो तुझी." प्लीहेला इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि आम्ही 'स्प्लीन पाल्पेबल' लिहितो. पानथरी म्हणजे रक्ताची चाळणी. फिरणाऱ्या प्रत्येक तांबड्या पेशीला तिथल्या बारीक फटींतून अंग चोरून निघावं लागतं. जिला जमत नाही, जी आजारी किंवा म्हातारी, ती तिथेच अडकते आणि भक्षक पेशी तिला खातात. काही वेळा तर पेशीतला परजीवी उपटून काढतात आणि पेशी परत रक्तात सोडतात. अँटिबॉडी करणाऱ्या बी-पेशींचं प्रशिक्षणही तिथेच चालतं. एवढं काम एकदम अंगावर पडल्यावर ती सुजणार नाही तर काय.

मग एवढी मोठी फौज असून परजीवी आठवडाभर टिकतो कसा? ही गंमत मला मॅडमनी समजावली. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे नमुने पृष्ठभागावर मांडून ठेवते, दारावरच्या पाटीसारखे. मारेकरी टी-पेशी फिरत फिरत पाट्या वाचतात आणि परकं काही दिसलं तर ती पेशी घरासकट मारतात. पण पूर्ण तयार झालेल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं आणि ही पाटीही नसते. म्हणजे परजीवीने बिऱ्हाड थाटलं ते पाटी नसलेल्या घरात. (व्हायव्हॅक्स ज्या कोवळ्या पेशींत शिरतो, त्यांच्या दारावर पाटीचा थोडा अंश उरलेला असतो, आणि टी-पेशी तो वाचू शकतात, असं अलीकडे दिसलंय. तेवढाच दिलासा.) उरतात अँटिबॉडी. त्या पेशीच्या आत जात नाहीत. पिल्लं एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत शिरतात तेवढा वेळच त्यांच्या हाती, आणि तो मिनिटभराचाही नसतो. दादरला वेस्टर्नवरून उतरून पूल ओलांडून सेंट्रलची गाडी पकडणारा माणूस आठवा. टीसीला तो सापडला तर पुलावरच. त्यातून हे बेटे कपडे बदलत राहतात: पेशीच्या पृष्ठभागावर दिसणारी त्यांची प्रथिनं बदलत असतात, कालचं वर्णन आज लागू पडत नाही.

म्हणून गोळ्या. क्लोरोक्विन तीन दिवस: चार, चार, दोन. ती परजीवीला तो लोहाचा कचरा बांधून ठेवू देत नाही, मग तो स्वतःच्याच विषाने मरतो. त्याबरोबर प्रायमाक्वीन, १४ दिवस. ती सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी, कारण हे एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. आमच्या भागात पारशी कॉलनी जवळ, आणि पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते, त्यामुळे या टेस्टचं महत्त्व मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. माझी नॉर्मल आली.

आता माझ्या मूर्खपणाचा भाग.

पाचव्या दिवशी मी कामावर गेले आणि बोटाला टोचून पुन्हा स्लाइड केली. जाड थेंबाची शंभर फील्ड (फील्ड म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसणारा भाग) बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही, हा दंडक. मी दोनशे बघितली. एक परजीवी नाही. दुसऱ्या कुणाची असती तर शंभरावरच थांबले असते, पण स्वतःच्या रक्ताला मी जास्त प्रामाणिक होते. स्लाइड क्लीन. ताप नाही. प्रायमाक्वीनने पोटात पिळवटायचं, रिकाम्या पोटी घेतली तर जास्तच. आणि घरात दीड दिवसाचा गणपती, बाहेर आख्खं लालबाग रांगेत उभं. आमच्या इमारतीतून भाजी आणायला खाली उतरायचं तरी गर्दीतून वाट काढावी लागते. सातवी गोळी घेतली की नाही हे आठवत नाही. आठवी नक्की नाही. गोळ्यांचा पत्ता पर्समध्ये राहिला, सुट्या पैशांच्या कप्प्यात.

मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. उलट मीच काउंटरवर सांगते, 'चौदा दिवस पूर्ण करा हं.' पण १९ वर्षं जे डोळ्यांनी दिसतं त्याच्याच पगारावर जगल्यावर, न दिसणाऱ्यावर मनापासून विश्वास बसत नाही, हे खरं कारण. दोनशे फील्ड बघितली होती मी. रक्ताची. यकृताची नव्हे.

रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात परजीवी पाहिला, पण डास चावल्यानंतर रक्तात दिसेपर्यंतच्या दिवसांत तो जातो कुठे, हे कळायला १९४८ साल उजाडलं. शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी तो माकडाच्या यकृतात पकडला. आणि व्हायव्हॅक्सची काही पिल्लं त्या यकृतात वाढतच नाहीत, नुसती झोपून राहतात, हे तर १९८०च्या दशकात नक्की झालं. आठवडे, महिने, कधी वर्षभरही. यकृताच्या पेशीला दारावर पाटी असते, टी-पेशी ती वाचू शकतात. पण झोपलेला परजीवी इतका निपचित असतो, आणि दीड किलोच्या यकृतात असे मोजकेच, की फौज शेजारून निघून जाते. क्लोरोक्विनही त्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठीच ती पिळवटणारी गोळी.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दूध आटवायला ठेवलं आणि गॅससमोर मला थंडी वाजली.

या वेळी मी ओळखलं. सासूबाईंनीही. काही बोलल्या नाहीत, गॅस बंद केला आणि गोधडी आणली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन पुन्हा नियम मोडला: पुन्हा ते फुगलेले, ठिपक्यांचे. मॅडमनी प्रायमाक्वीनबद्दल विचारलं. मी पर्स उघडून पत्ता टेबलावर ठेवला. त्यांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. त्या सहसा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "तू? तू तरी?"

हा जुनाच उठला की नवीन डास चावला, हे खरं तर छातीठोक सांगता येत नाही. आमच्या मागे टॉवरचं काम चाललंय, तिथल्या खड्ड्यांत आणि पिंपांत स्वच्छ पाणी साचतं, आणि मुंबईचा मलेरियाचा डास, ॲनोफिलिस स्टीफेन्सी, गटारात नाही तर अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. महापालिकेचे कर्मचारी येऊन गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं तपासून जातात, ती याचसाठी. पण सहा आठवड्यांचं अंतर, आणि पर्समध्ये अर्धा पत्ता. मी तरी डासावर ढकलत नाही.

दुसऱ्या खेपेची एक गोष्ट मात्र माझ्यातल्या टेक्निशियनला आवडली. स्लाइडवर परजीवी जवळजवळ पहिल्याएवढेच होते, पण ताप १०१ च्या वर गेला नाही, प्लेटलेट १,४०,००० वरच राहिल्या. मॅडम म्हणाल्या, असं होतं. फौजेने चेहरा एकदा पाहिलेला असतो, अँटिबॉडी तयार असतात, आणि भक्षक पेशीही पहिल्यासारखी बोंब मारत नाहीत. पूर्ण प्रतिकारशक्ती मलेरियाविरुद्ध सहसा येत नाही, येते ती सहनशक्ती. तीही सारखे डास चावत राहिले तरच टिकते. सासूबाईंच्या गावातली म्हातारी माणसं अंगात परजीवी घेऊन भात लावायची आणि लहान मुलं मात्र फणफणायची, ते यामुळे असावं. आई मुंबईत आल्याला पन्नास वर्षं झाली. त्यांना आता चावला तर त्याही माझ्यासारख्याच लोळतील.

काकूंनी विचारलं, "पुण्यात मलेरियाची लस करतात ना? ती घेऊन टाक." करतात. सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या त्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. पण ती फॅल्सिपेरमसाठी आणि मुलांसाठी. माझ्या पाहुण्याला ती ओळखत नाही.

त्या आजारपणात वाचलेली आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इंडोनेशियात पापुआ भागात, अपघातासारख्या कारणांनी काहींची प्लीहा काढावी लागली, तेव्हा संशोधकांनी ती तपासली. त्या लोकांना मलेरियाची लक्षणं नव्हती. तरी प्लीहेत जिवंत व्हायव्हॅक्स ठासून भरलेला, शरीरातल्या एकूण परजीवींपैकी ९८ टक्क्यांहून जास्त तिथे, रक्तात नावापुरते. म्हणजे जी चाळणी, तीच लपायची जागा. चौकीतच चोर मुक्कामाला. मी जन्मभर बोटाच्या टोकातून काढलेला थेंब बघत आलेय, आणि तो थेंब म्हणजे रस्त्यावर दिसणारी माणसं; घरांत किती आहेत ते त्यावरून कळत नाही.

दुसऱ्यांदा चौदा गोळ्या पूर्ण घेतल्या. खरं तर मी घेतल्या नाहीत, आईंनी घ्यायला लावल्या. रोज रात्री जेवण झाल्यावर एक गोळी, लगेच केळं, म्हणजे पोटात पिळवटायचं नाही, आणि मग त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लेकाच्या स्केचपेनने फुली मारायच्या. दिवाळीची साफसफाई, फराळ, पाहुणे, काहीही असो. वसुबारसेच्या चौकोनात गाईचं चित्र होतं, तिच्या शिंगावर फुली आहे.

चौदावी फुली मारली त्या रात्री त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, श्वास घे म्हणाल्या, आणि डाव्या बरगडीखाली बोटं घातली. बराच वेळ चाचपलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बोटाक लागणा नाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "लॅबात जावन बघशीत काय?"

"नाही," मी म्हटलं. "या वेळी त्या मुलीला बघायला सांगते."